शेवट आधी सांगणारे धाकूकाका

धाकूकाका तार घेऊन निघाले, की तारेतला मजकूर त्यांच्या आधी घरी पोचायचा.

गोष्ट साठ सालानंतरची. पालघर आणि बोईसरच्या मधल्या एका टपालकचेरीत मी तारमास्तर होतो. कुठल्या, ते सांगत नाही. आम्ही जे करायचो ते कुठल्याच नियमात बसणारं नव्हतं. यंत्राच्या कटकटीतून मी इंग्रजी अक्षरं उतरवून घ्यायचो, पाकीट चिकटवायचो, आणि समोर खाकी टोपी काखेत मारून आमचे तार वाटणारे शिपाई धाकूकाका उभेच. "मास्तर, गोड का कडू?" मी सांगितल्याशिवाय हा माणूस सायकलला हात लावायचा नाही.

त्या काळी तार म्हणजे मरणच, अशी किनाऱ्यावरच्या गावांत समजूत. खाकी कपडे दिसले की बाया सुकत घातलेले बोंबील तसेच टाकून गळा काढायच्या. म्हणून काका शिरगावच्या वेशीपासूनच ओरडत जायचे, "रडू नका गो! गोड हाय! लक्ष्मीला पोरगा झाला!" लक्ष्मीच्या आईच्या हातात तार पडेपर्यंत निम्म्या गावाने बाळाला नावं सुचवलेली असायची. तार कडू असली, तर मात्र काका आधी शेजारच्या घरात शिरत, चहाचं आधण ठेवायला लावत आणि शेजारणीला बरोबर घेऊनच त्या दारात उभे राहत.

इथवर ठीक. पण हाच उद्योग हा गृहस्थ सिनेमातही करायचा!

पालघरच्या मैदानात तंबूतला सिनेमा यायचा. शेवटी दणकून धक्का देणारे सिनेमे म्हणजे माझा जीव की प्राण. असाच एक रहस्यपट लागला होता. मध्यंतरात मी खुनी कोण असेल याची जुळवाजुळव करत होतो. नायक दरीत पडून मेलेला, त्यामुळे बायकांच्या बाजूला मुसमुसणं चाललेलं. एवढ्यात आदल्या रात्रीच तो सिनेमा बघून गेलेले काका उठून उभे राहिले.

"बायांनो, उगाच रडू नका! तो मेलेला नाय. शेवटाला दाढी लावून येतो. आनि खून त्या डाक्टरनं केलाय!"

तंबूत एकच गोंधळ. पुरुष मारायला धावले. बायकांनी मात्र डोळे पुसले आणि निवांत शेंगदाणे खायला घेतले. मॅनेजरने काकांपुढे हात जोडले, "काका, तुम्ही फुकट या, पण सिनेमा उतरायच्या दिवशी या!"

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी तणतणलो. "सिनेमा नासवलात माझा! अहो, शेवटी सगळं उलटंपालटं होतं, त्यातच तर मजा असते!"

"मजा तुमची," काका म्हणाले. "पाकीट हातात घेतल्यावर मानूस कसा दिसतो, ते तुमी नाय बगत, मी बगतो. फोडेपर्यंत निम्मा मरतो तो. ते दुखनं तिकीट काढून कशाला घ्यायचं?"

"पण शेवट कळल्यावर बघायचं काय, कपाळ?"

"मानसं बगायची की! शेवट ठाव असला तर मानसं बगता येतात. नायतर नुसती वाट बगायची."

मी त्यांना अरसिक ठरवून मोकळा झालो. ते हसले. वाट बघणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

काकांचा एकुलता एक मुलगा जनू मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. पहिल्या वर्षी कुठल्याशा बंदरातून एक पत्र आलं, त्यानंतर सहा वर्षं अक्षर नाही. काकी वाट बघता बघताच गेल्या. काका रोज सकाळी यंत्राशी येऊन, "काय मास्तर, दर्यापारचं काय?" असं सहज म्हटल्यासारखं विचारत. मी नकारार्थी मान हलवली, की सायकल पुसायला लागत.

एके दुपारी यंत्र कटकटू लागलं आणि पत्ता उतरवतानाच मी मान वर करून काकांकडे पाहिलं. कसाबसा मजकूर पुरा केला. काका बाकावर बसून विडी ओढत होते.

"काका, तुमची तार आहे."

त्यांनी गोड का कडू विचारलं नाही. विडी विझवली. मी सांगायला तोंड उघडलं, तर हाताने थांबवलं.

"आत्ता नको. जरा बसू या."

जन्मभर लोकांना शेवट आधी सांगणारा हा माणूस! मी शेजारी बसलो.

"जनू मांडीवर होता तवा त्याला पयला सिनेमा दाखवला," काका म्हणाले. "हिरोला मारलं तर असा रडला, असा रडला! मी कानात सांगितलं, येतो रे तो परत. तवा गप झाला." मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हं. वाचा आता."

मी वाचलं. "सुखरूप आहे. इथेच नोकरी धरली. लग्न केलं. काळजी नको. जनू."

"जित्ता हाय!" काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे गदगदा हलत होते. मग डोळे पुसत म्हणाले, "आनि?"

"एवढंच, काका."

"येतो म्हनून?"

मी स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. धक्क्याचे शेवट आवडणारा मी, त्या क्षणी तेवढा एक शब्द कुठून तरी सापडावा म्हणून अक्षरशः देवाचा धावा करत होतो.

"नाही, काका."

त्यांनी कागद घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, तरी ओळींवरून बोट फिरवलं.

"तारेत शब्दाला पैसे पडतात, मास्तर. आमचा जनू लहानपनापासून काटकसरी. तेवढा एक शब्द वाचवला असंल त्यानं."



"हो काका," मी म्हटलं. "परदेशातून तर एकेक शब्द फारच महाग पडतो."