बकरीचं लग्न आणि जपमाळ

"नुबिया, इथली जपमाळेची रेकॉर्ड कुठे गेली?" दागोबेर्तोने कपाटात डोकं खुपसूनच विचारलं.

"ओढ्यापलीकडे. दोन्या एदेल्मिराला, त्या म्हाताऱ्या बाईंना दिली. तिचा नवरा फेर्मीन गेला ना, आजपासून नऊ दिवस प्रार्थना आहे घरात. पण तुला कधीपासून देव आठवायला लागला रे?"

दागो मटकन खाली बसला. कव्हर जपमाळेच्या प्रार्थनेचं होतं खरं, पण आत 'बकरीचं लग्न' होतं.

आफ्रिकेहून एका खलाशाने आणलेलं हे गाणं अख्ख्या बारांकिया शहरात फक्त दागोकडे होतं. त्याचं खरं नाव काय, गायलंय कुणी, कुणालाच पत्ता नाही. रेकॉर्ड हाती आली त्याच दिवशी दागोने ब्लेडने लेबल खरवडून टाकलं होतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती शोधून आणता येऊ नये. आमच्याकडे सगळेच पिकोवाले, म्हणजे गल्लीत भलेमोठे स्पीकर लावून नाचगाणी वाजवणारे, असं करतात. मग नाव वस्तीनेच ठेवलं, कारण मधेच गिटार चक्क बें बें करते. दागोचा पिको म्हणजे 'लाल कोंबडा'. माणसापेक्षा उंच स्पीकर, त्यावर रंगवलेला सिगार ओढणारा कोंबडा, आणि आमच्या वस्तीची सगळी इज्जत त्यात. ओढ्यापलीकडच्या निवाल्दोचा पिको 'शार्क' दर कार्निव्हलला गुरगुरत यायचा आणि बकरी सुरू झाली की नांगी टाकायचा.

चोरीच्या भीतीने दागोने खरी जपमाळ कपाटावर टाकली आणि बकरी तिच्या कव्हरात लपवली. कुठलाही पिकोवाला प्रार्थनेच्या रेकॉर्डला हात लावणार नाही, हा त्याचा हिशेब. बायको लावेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

"अगं, देताना लेबल तरी बघायचं!"

"कुठलं लेबल? ठेवलंयस कशावर? मला सगळ्या सारख्याच, काळ्या आणि गोल."

"फेर्मीन कोणाचा बाप होता, माहितेय ना? निवाल्दोचा!"

"मग? मेलेल्या माणसाशी कसली दुश्मनी?" नुबियाने शांतपणे केळी तळायला घेतली.

दागोने काळा शर्ट चढवला आणि ओढा ओलांडून पळत सुटला.

पोचतो तर काय! बापाच्या मानासाठी निवाल्दोने आख्खा शार्क अंगणात उभा केलेला. समोर काळे कपडे घातलेल्या बायका हातात माळा घेऊन बसलेल्या. टर्नटेबलवर रेकॉर्ड चढलेली.

"निवाल्दो," दागो कुजबुजला, "वाईट झालं रे. आण, सुई मी ठेवतो. तेवढीच सेवा."

"माझ्या टर्नटेबलला परक्याचा हात लागत नाही. बस तिकडे गुपचूप."

सुई टेकली आणि गिटार खणखणली. ढोल असा घुमला की मेणबत्त्या थरथरल्या. एक आजी सवयीने "आमेन" म्हणून गेली. दुसरीचा पाय हलायला लागला, तो तिने दुसऱ्या पायाने दाबून धरला. तेवढ्यात बकरी ओरडली.

निवाल्दोने झटकन सुई उचलली. हे गाणं त्याने झोपेतही ओळखलं असतं. रेकॉर्ड छातीशी धरून तो गोड हसला.

"कुणाची म्हणायची ही? बापाच्या प्रार्थनेत असला धिंगाणा कुणी पाठवला? पुढे या. कुणीच नाही? मग राहू दे माझ्याकडेच."

दागो पेचात पडला. पुढे यावं तर मयताच्या घरी धिंगाणा घालणारा म्हणून गावभर छीथू. गप्प बसावं तर बकरी शार्कच्या पोटात, आणि येत्या कार्निव्हलला कोंबड्याने तोंड कुठे लपवायचं? तो उभा राहिला. मान ताठ केली.

"माझी आहे. लाल कोंबड्याची. साऱ्या शहरात दुसरी मिळायची नाही!"

एदेल्मिरा काठी टेकत पुढे आली. आता काठी डोक्यात बसणार, म्हणून दागोने डोळे मिटले.

"असं होय," ती म्हणाली. "म्हणजे तो कोंबडेवाला तू, नुबियाचा नवरा. आमचा म्हातारा दर रविवारी गळ घेऊन मासे धरायला जायचा. एक मासा कधी घरात आला नाही, बुटांच्या टाचा तेवढ्या झिजायच्या. आणि झोपेत हेच गाणं गुणगुणायचा मेला."

"आई!" निवाल्दो किंचाळला. "बाबा? कोंबड्याकडे?"

"तुझ्या शार्कवर झोप येते म्हणायचा. तुला वाईट वाटेल म्हणून बोलला नाही कधी. लाव ती. पहिल्यापासून."

"मी? माझ्या पिकोवर?"

"बाप तुझा की माझा?"

निवाल्दोने डोळे पुसत सुई ठेवली. आपलं गाणं दुश्मनाच्या स्पीकरमधून ओढा ओलांडून घुमताना ऐकलं आणि दागोचा ऊर भरून आला. आमची वस्ती धावतच आली, पुढे नुबिया, हातात केळ्यांचं ताट. पाय दाबून बसलेल्या आजीने माळ गळ्यात घातली आणि उठून नाचायला लागली. शार्कचा ढोल आपल्यापेक्षा दणदणीत वाजतो, हे दागोच्या लक्षात आलं. ते त्याने आजतागायत कबूल केलेलं नाही.

गाणं संपल्यावर एदेल्मिराने रेकॉर्ड ओढणीने पुसली आणि दागोच्या हातात दिली.

"उद्या खरी जपमाळ घेऊन ये."

"आणतो, दोन्या एदेल्मिरा. नक्की आणतो."

"आणि ही पण आण. अजून आठ दिवस आहेत."