सगळ्यांच्या मागून चालणारे इनास सर

इनास सर ट्रेकला येतात, पण ते आलेले नसतात. हे त्यांचंच म्हणणं. रविवारी चर्चमधली पहिली मिस्सा आटोपून ते डोंगराच्या पायथ्याशी हजर होतात, तेरा-चौदा वर्षांच्या वीसेक पोरांमधून सगळ्यात गप्प पोर हुडकतात, त्याच्या हातात पेन्सिलीने काढलेला नकाशा देतात आणि जाहीर करतात, "आजचा लीडर हा. मी आलोच नाय असं समजा." मग छत्री बगलेत मारून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहतात. त्यानंतर त्यांना काहीही विचारून उपयोग नसतो. सर, डावीकडे की उजवीकडे? सर आभाळाकडे बघतात. सर, पाणी कुठे मिळेल? सर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतात. एकदा एकाने "सर, किती वाजले?" एवढंच विचारलं, तर सरांनी घड्याळाचा हात खिशात घातला.

सर गिरीज गावचे. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले त्याला दहा वर्षं झाली, पण पांढरे कॅनव्हासचे बूट अजून तेच, दर शनिवारी सफेदा लावलेले. बायको वारली, गुडघे कामातून गेले, राहिली ती घरामागची केळीची वाडी आणि हे रविवार. पिशवीत घरच्या केळ्यांची सुकेळी असतात, उन्हात वाळवून पानात गुंडाळलेली. ती बक्षीस म्हणून. फक्त बक्षीस मिळतं दिवसातली सगळ्यात मोठी चूक करणाऱ्याला. सर त्याच्याशी सगळ्यांसमोर हस्तांदोलनही करतात.

मी या प्रकरणात मुलीमुळे अडकले. माझी मुग्धा नववीत आहे. इतकी बुजरी, की रिक्षावाल्याला "थांबा" म्हणायची लाज वाटते म्हणून पुढच्या नाक्यापर्यंत जायची आणि तिथून चालत परत यायची. आमच्या सोसायटीतली बरीच मुलं सरांकडे जायची, म्हणून तिलाही घातली. मुलींबरोबर एक बाई हवी, असं सर म्हणाले आणि बाकीच्या सगळ्या आयांना त्या रविवारी नेमकी कामं निघाली. आठवडाभर अंधेरीला ऑफिस करून एक सुट्टी मिळते, तीही डोंगरावर. मी काही बोलले नाही. मुग्धा कोणावर गेली आहे हे आता कळलंच असेल.

कामणदुर्ग किल्ल्याच्या ट्रेकला नकाशा मुग्धाच्या हातात आला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. वर जाताना सगळं ठीक झालं. उतरताना वाट फुटते तिथे ती थांबली, नकाशा उलटा-सुलटा केला आणि डावीकडे वळली. वीस मुलं तिच्यामागे, मुलांमागे मी, माझ्यामागे सर. तास झाला, दीड तास झाला, ओळखीचं काही दिसेना. उन्हाने जीव चाललेला. मी मागे वळून म्हटलं, "सर, ही वाट बरोबर आहे ना?" सर एका पळसाचं निरीक्षण करायला लागले.

शेवटी आम्ही डोंगराच्या भलत्याच बाजूला, एका पाड्यावर उतरलो. वाट चुकल्याचं मुग्धाला कळलं. मला वाटलं, आता ही रडणार. ती एका दगडावर चढली आणि थरथरत्या आवाजात म्हणाली, "माझी चूक झाली. कोणाकडे किती पाणी आहे, बाटल्या वर करा." मग एकटीच त्या पाड्यातल्या एका मावशींकडे गेली. मावशी म्हणाल्या, "पानी घ्या आधी, मग वाट सांगते." तिने मुलांच्या जोड्या लावल्या, दमलेल्यांना मध्ये घेतलं. एकला पोचायचे ते आम्ही पाचला बसपाशी पोचलो. सरांनी तिच्या हातावर दोन सुकेळी ठेवली. दोन यापूर्वी कोणालाच मिळाली नव्हती म्हणे.

बसमध्ये मी विचारलं, "सर, वाट चुकलीय हे तुम्हाला कधी कळलं?"

"वळली तेव्हाच."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"वाट चुकीची होती, मुग्धाची आई. धोक्याची नव्हती. धोक्याची असती तर मी आलो असतो."

मला इतका संताप आला होता, पण भांडायला अंगात त्राण नव्हतं. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र रात्रीपर्यंत रणकंदन झालं. माहीत असून पोरांना भरकटू दिलं म्हणजे काय? यापुढे एकही मूल पाठवायचं नाही, असं ठरलं. सरांना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण "तुम्ही तिथे होतात ना." हे ऐकल्यावर मुग्धा दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

शनिवारी दुपारी मी गिरीजला गेले. सर ओट्यावर बसून बुटांना सफेदा लावत होते. त्यांनी चहा टाकला. मी कसं बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. दुबईहून मुलाचा, व्हिडिओवर. मुलगा त्रेचाळीस वर्षांचा, दुकानात उभा. "डॅडी, सोफा घेतोय. करडा घेऊ की निळा?" सरांनी चष्मा पुसला, दोन्ही सोफे पुढून-मागून दाखवायला लावले आणि निकाल दिला, "करडा घे. डाग दिसत नाय."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "नशीबवान आहात. मुलगा विचारतो तरी."

"रोज विचारतो," सर म्हणाले. "लोकांना वाटतं, पोराला बापाची किती आठवण. आठवण नाय हो. त्याला ठरवता येत नाय. लहानपणी कधी वाटच चुकू दिली नाय मी त्याला. कायम पुढे मी, मागे तो. शाळा मी ठरवली, नोकरी मी ठरवली. आता या वयात बिचारा दुकानात उभा राहून घाम पुसतो."

मी दमलेली होते, त्यामुळे जे मनात आलं ते तोंडातून गेलं. "मग त्याला का नाही सांगत, तुझं तू बघ म्हणून?"

सर बुटाकडे बघत राहिले. सफेदा सुकला होता तरी बोट फिरवत होते. "सांगितलं, तर फोन कशाला करेल तो?"

फोन पुन्हा वाजला. "डॅडी, ही म्हणते निळा घेऊया. काय करू?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगा तिकडून हॅलो, हॅलो करत होता.

"आता तुझं तू बघ, बाबा. मी वाडीत चाललो," सर म्हणाले आणि फोन बंद केला. वाडीत काही गेले नाहीत. फोन मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिले. मीही चहा गार होईपर्यंत बसले आणि जे सांगायला आले होते ते न सांगता निघाले. रिक्षातून ग्रुपवर लिहिलं, "मुग्धा जाणार आहे. तुमचं तुम्ही ठरवा." माझ्या आयुष्यातला हा पहिलाच असला मेसेज.

दुसऱ्या दिवशीचा ट्रेक ग्रुपवरच्या वादात बुडाला. त्यापुढच्या रविवारी पायथ्याशी नऊ मुलं आली. मीही गेले, पाय दुखत असूनही. सर नेहमीसारखे मागे होते, पण दर थोड्या वेळाने फोन काढून बघत होते. चढणीवर मी त्यांच्यासाठी थांबले आणि विचारलं, "मग, कुठला सोफा घेतला?"

"माहीत नाय. आठ दिवस झाले, फोन नाय त्याचा."

मला वाईट वाटलं. सर मात्र छत्रीवर दोन्ही हात टेकून दम खात हसले.

"निळाच घेतला असणार," ते म्हणाले. "लहानपणापासून त्याला निळाच आवडतो."