सात नंबरची खोली

या वर्षी आपल्या वर्गातून निदान चाळीस जागरूक नागरिक बाहेर काढणारच, असं राज्यशास्त्राच्या सरांनी छातीठोकपणे जाहीर केलं होतं! सरांचा उत्साह तेव्हा नुसता उतू जात होता. त्याला कारणही होतं. चौदा वर्षं स्टाफरूममध्ये अकरा जणांच्या कोपराला कोपर लावून बसल्यावर गेल्याच महिन्यात त्यांना स्वतःची खोली मिळाली होती. तळमजला, खिडकी, पंखा आणि दाराला आतून कडी! माणसाला आणखी काय हवं?

"शंभर पावलांच्या आत एक अन्याय शोधा," सरांनी वर्गाला सांगितलं. "पुरावे गोळा करा, अर्ज लिहा, दाद मागा. आणि मागणी मोघम नको! 'काहीतरी सोय करा' म्हटलं की अर्ज टोपलीत गेलाच समजा. काय हवं, कुठे हवं, कधीपर्यंत हवं, सगळं नेमकं लिहा!"

एरवी ही पोरं हजेरीपुरतं डोकं वर काढायची. पण या वेळी त्यांच्यात काय संचारलं कोण जाणे! आठव्या दिवशी वर्गप्रतिनिधी पोरगी धापा टाकत आली.

"सर, सापडला! झाडलोट करणाऱ्या मावशी जिन्याखाली बादल्यांशेजारी बसून डबा खातात. सहा जणी! बसायला साधं बाकडं नाही!"

"अगं, रोज तिथूनच तर जातो मी!" सरांना खरोखर लाज वाटली. मग एकदम स्फुरण चढलं. "आण तो अर्ज! पहिली सही माझी!"

"सर, वाचून तरी..."

"वाचायचं काय त्यात? माझा माझ्या विद्यार्थ्यांवर विश्वास आहे!" आणि सरांनी अशी ऐसपैस सही ठोकली, की खाली चाळीस जणांना जागा पुरेना.

मोर्चा निघाला. सर सगळ्यांत पुढे! घोषणा देऊन देऊन त्यांचा घसा बसला. प्राचार्यबाईंनी चष्मा लावून अर्ज मोठ्याने वाचला. "मावशींना विश्रांतीसाठी खोली नंबर सात आजच्या आज द्यावी..."

सरांची उगारलेली मूठ हवेतच राहिली. सात नंबर म्हणजे त्यांचीच खोली!

"बाई, त्या खोलीला ओल आहे हो!"

"नाही सर, आम्ही पाहणी केली ना," पोरगी उत्साहाने म्हणाली. "नळ जवळ, हवा खेळती. दिवसातून फक्त दोन तास वापर. त्यातला पाऊण तास आतून घोरण्याचा आवाज. तारीखवार नोंद आहे!"

प्राचार्यबाईंना गहिवरून आलं. "सर, स्वतःची खोली सोडताय, आणि वर पहिली सहीसुद्धा तुमचीच! धन्य आहे तुमची!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. अख्खा वर्ग सरांकडे डोळे लावून उभा होता. आता आपण मागे फिरलो, तर ही पोरं जन्मात पुन्हा कुठल्या अर्जाला हात लावणार नाहीत, हे सरांना पुरतं कळत होतं.

"त्यात काय एवढं!" ते कसेबसे म्हणाले. आत जीव तीळ तीळ तुटत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर राहिलेली पुस्तकं न्यायला गेले आणि दार ढकलून थेट आत शिरले. सहाही मावशी पंख्याखाली मांड्या घालून जेवत होत्या, खदखदून हसत होत्या. थोरल्या मावशी तर सरांच्याच खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. ते बघून सरांना बरं वाटलं, अगदी मनापासून.

"सर, आधी दार वाजवायचं ना!" थोरल्या मावशी म्हणाल्या.

"चुकलंच!" सर बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि वाजवलं.

आतून आवाज आला, "अर्ध्या तासाने या!"