आरसा नसलेली गाडी

शिदरामअण्णा व्हिडिओ गेम खेळायला बसण्याआधी खाकी शर्ट चढवतात. गळ्याचं बटणसुद्धा लावतात. मग टीव्हीला नमस्कार करतात आणि पुढे त्याच टीव्हीला अशा शिव्या घालतात की गल्लीतली मांजरं भिंतीवरून खाली उतरतात.

अण्णा माझे शेजारी. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर त्यांनी जन्मभर एसटीची लाल गाडी चालवली, आता निवृत्त आहेत. गेमचं यंत्र त्यांच्या मुलाचं, प्रसादचं. तो नोकरीला पुण्याला गेला आणि यंत्र इथंच राहिलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला रोज संध्याकाळी अण्णांची खाकी पाठ दिसते, पलीकडे टीव्ही, आणि खांद्याला खांदा लावून बसलेल्या काकू.

काकूंना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. जीभ अडखळते, उजवा हात नीट उचलत नाही. बोटं हलती ठेवा, नाहीतर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यांनी दाबायला दिलेल्या रबरी चेंडूकडे काकू ढुंकूनही बघत नाहीत.

गेममध्ये एक तलवारवाला गडी आहे, तोही पाठमोराच. रिमोटवर डाव्या अंगठ्याखालच्या दांडीनं तो चालतो आणि उजव्या अंगठ्याखालच्या दांडीनं कॅमेरा, म्हणजे आपली नजर, फिरते. दोन्ही एकदम जमवायचं. कॅमेरा जरा भलतीकडे वळला की पुढे निघालेला गडी आपल्याच अंगावर चालून येतो. त्यात दार उघडायचं आणि कोलांटी मारायचं बटण एकच. अण्णा दार उघडायला जातात आणि गडी कोलांटी मारून दरीत.

"आरसाच न्हाय की ह्याला!" अण्णा गरजतात. "ज्यानं ही गाडी बांदली त्याला आणा हितं! वळसंगच्या वळणावर स्टेरिंगवर बसवतो त्याला!"

त्या दरीवर एक लाकडी पूल आहे. दिवाळीपासून अण्णांचा गडी तो ओलांडू शकला नव्हता. माझ्या भाच्याच्या घरी तोच गेम मी खेळून पाहिला आणि चहा निवायच्या आत हात टेकले. अण्णा मात्र शिव्या संपल्या की "चला, परत डेपोतनं," म्हणून नव्या दमानं निघत. एवढी चिकाटी मी जन्मात पाहिली नव्हती. खिडकीतून मी त्या पाठीला मनोमन हात जोडत असे.

संक्रांतीला प्रसाद आला. मी तिळगुळाला गेलो तेव्हा त्यानं सेटिंग बदलून कॅमेरा आपोआप वळेल असं केलं होतं. अण्णांनी पहिल्याच फटक्यात पूल ओलांडला. प्रसादनं टाळ्या पिटल्या, मीही पिटल्या. काकूंनी हात पदराखाली घेतला.

प्रसाद परत गेला त्याच दिवशी अण्णा माझ्या दारात. "मास्तर, ते पयल्यासारकं करून द्या की."

"अहो, पूल पार झाला ना?"

"पूल झाला ओ. पोरानं हौसेनं केलं, त्याला काय बोलायचं? पण गाडी रिव्हर्सला घेताना मागं कंडक्टर लागतोय का न्हाय? त्यो बगतो, डायवर चालवतो. आता गाडी आपलं आपणच बगाय लागली, तर हिच्या अंगठ्याला काम काय ऱ्हायलं?"

मला आधी काही कळेना. त्यांच्या घरी जाऊन सेटिंग पूर्ववत केलं आणि पहिल्यांदाच त्या दोघांच्या समोर बसलो. रिमोटची डावी बाजू अण्णांच्या हातात होती. उजवी काकूंच्या मांडीवर, आणि कॅमेऱ्याच्या दांडीवर त्यांचा ताठरलेला अंगठा.

अंगठा थरथरला, हलला. कॅमेरा आभाळाकडे गेला आणि गडी दरीत.

अण्णांनी गेम बांधणाऱ्याच्या खानदानाचा उद्धार केला. दिवाळीपासूनच्या त्या सगळ्या शिव्या मला आठवल्या. त्यातली एकही चुकून बायकोच्या वाट्याला आली नव्हती. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत.

"जाऊ द्या की," अण्णा काकूंना हळूच म्हणाले. "रस्ताच खराब हाय. दमलाव का? थांबायचं?"

काकूंनी अंगठा कसाबसा उचलला आणि रिमोटवर दोनदा आपटला. टक, टक.

"डबल बेल झाली," अण्णा म्हणाले. कॉलर सारखी केली आणि गाडी सोडली.