केटोला सरांची शिफारस

एकतीस जानेवारीला सकाळी अकरा वाजता इल्पोने एकोणिसाव्यांदा संगणकावरचं ते पान उघडलं. अर्ज पूर्ण होता. कामाचा आराखडा, खर्चाचा अंदाज, जुन्या प्रयोगांची चित्रफीत, सगळ्यांपुढे हिरवी खूण. फक्त शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘शिफारसपत्र: प्राप्त नाही.’ मुदत दुपारी चारपर्यंत होती.

“आलं का?” मार्केताने स्वयंपाकघरातून विचारलं.

“नाही.”

“अरे मग फोन कर ना सरांना.”

“फोन?” तिने त्याला तिसऱ्या मजल्यावरून उडी मारायला सांगितल्यासारखा तो तिच्याकडे बघत राहिला. केटोला सरांना त्याने तीस वर्षांत दोनदाच फोन केला होता. एकदा त्यांची बायको वारली तेव्हा, आणि एकदा चुकून. दर जानेवारीत तो अर्जात शिफारस करणारा म्हणून सरांचं नाव घाली, अनुदान देणाऱ्या संस्थेकडून सरांना आपोआप पत्र जाई, सर उत्तर पाठवत. यात दोघांना एकमेकांशी बोलावं लागत नसे, म्हणून हे नातं इतकं टिकलं होतं.

इल्पो नर्तक होता. वय छप्पन्न. त्याचं नृत्य संथ होतं. इतकं, की एकदा ओउलूमध्ये एका प्रेक्षक बाईंनी प्रयोग चालू असताना रुग्णवाहिका बोलावली होती. यंदा तीन वर्षांच्या अनुदानासाठी त्याचा शेवटचा अर्ज होता. शेवटचा, कारण तसं ठरलं होतं. मार्केता म्हाताऱ्या माणसांच्या घरोघरी जाऊन त्यांची शुश्रूषा करायची आणि दोघांचं घर त्यावर चालायचं. नाताळात ती म्हणाली होती, “या वेळी नाही झालं तर जूनपासून हान्नूच्या टायरच्या दुकानात जा.” हान्नू तिचा भाऊ. ती हे न रागावता म्हणाली होती. रागावली असती तर इल्पोला काहीतरी उत्तर सुचलं असतं.

साडेअकराला त्याने फोन लावला. तो सरांच्या मुलीने, काइसूने उचलला.

“बाबा रुग्णालयात आहेत. शेवटच्या दिवसांसाठी असतं ना, तिथे. दोन आठवडे झाले.”

अशा वेळी काय म्हणायचं असतं हे इल्पोला माहीत होतं. पण तोंडातून निघालं ते असं, “मग आज चारपर्यंत त्यांना वेळ होईल का?”

मग काइसू म्हणाली, “तुम्ही पण कलाकार का?”

इल्पोच्या इमारतीत जिन्याच्या तोंडाशी फुलांचं दुकान होतं. तिथे तयार असा एकच गुच्छ होता, पांढरा, आणि त्यावर ‘कृतज्ञ स्मरणात’ अशी फीत होती. न्यायला कुणी आलं नव्हतं. इल्पोने फीत काढून खिशात कोंबली आणि बस पकडली.

रुग्णालयातल्या लांबलचक मार्गिकेत सहा खुर्च्या होत्या. पहिलीवर काचकाम करणारी गुनेल बसली होती, मांडीवर संगणक आणि त्याच्यावर फुलं. इल्पो एक खुर्ची सोडून बसला. ती पाच मिनिटं समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, “भेटायला?”

“हो. भेटायलाच. तू?”

“मीपण.” पुन्हा पाच मिनिटं गेली. “सकाळी एक मूकनाट्यवाला येऊन गेला म्हणे. एक कठपुतळीवाली सुद्धा.”

“सर लोकप्रिय आहेत.”

“हं. आज जास्तच.”

गुनेल आत गेली ती पाऊण तासाने डोळे पुसत बाहेर आली. “फार थकलेत रे,” ती म्हणाली, आणि मग जाता जाता वळून, “पण स्पष्ट आहेत. पाठवलं.”

तीन वाजून दहा मिनिटांनी इल्पो आत शिरला. पलंगावर केटोला सर होते, म्हणजे चादरीखाली जे थोडंसं उंच दिसत होतं ते. शेजारी काइसू हाताची घडी घालून बसली होती.

“ये,” सर म्हणाले. “फुलं चांगली आहेत. थोडी लवकर आणलीस.”

इल्पोचा हात खिशातल्या फितीवर गेला. “सर, मला फार वाईट वाटलं हे ऐकून.”

“संगणक आणलायस?”

“हो सर.”

“मग वाईट नंतर वाटू दे. उघड.”

पान उघडलं. शिफारस करणाऱ्याने आपली ओळख पटवायची होती, आणि या देशात माणसाची ओळख त्याच्या बँकेलाच पटते. इल्पो हळूच काइसूला म्हणाला, “सरांचा बँकेचा कोड हवा होता.”

काइसू उभी राहिली. “आता बँकेचा कोड? ती कठपुतळीवाली निदान बाहुली तरी दाखवून गेली! चादर उचलून घेऊन जाल तुम्ही लोक एखाद्या दिवशी!”

“काइसू, दे त्याला,” सर म्हणाले. “बँकेत आहे काय चोरायला? मी नृत्य शिकवायचो.”

कोड सापडायला वीस मिनिटं गेली. तो सरांच्या चष्म्याच्या डबीत होता आणि डबी मिळत नव्हती. शेवटी सर बोलू लागले आणि इल्पो टंकू लागला.

“लिही. इल्पो राउसमाला मी एकतीस वर्षं ओळखतो. त्याच्यात प्रतिभा फारशी नाही.”

इल्पोची बोटं थांबली.

“लिहिलंस?”

“लिहितोय सर.”

“त्याच्या नृत्यात काही घडत नाही. बऱ्याचदा मला झोप लागली आहे. पण जाग आली तेव्हा तो तिथेच होता. रंगमंचावर इतका वेळ, इतक्या प्रामाणिकपणे कुणी थांबत नाही. द्या त्याला. संपलं.”

“प्रतिभेचं वाक्य ठेवायचं का, सर?”

“ते काढलं तर पुढचं कोण खरं मानेल?”

इल्पोने ते पाठवलं. हिरवी खूण उमटली. तीन बेचाळीस. तो निरोप घेणार एवढ्यात त्याला पडद्याच्या कडेला एक ओळ दिसली. सरांचं खातं अजून उघडंच होतं. ‘आपले स्वतःचे अर्ज: एक. सादर.’

“सर, तुम्हीही अर्ज केलाय?”

“दर वर्षी करतो. साठ वर्षांत एकही जानेवारी चुकवला नाही. तीन वर्षांचं मात्र कधीच मिळालं नाही मला.” सरांनी डोळे मिटले. “या वेळी विषय ‘आडवं पडणं’. मानवी देहाची सर्वांत दुर्लक्षित हालचाल. प्राथमिक संशोधन चालू आहे, बघतोसच.”

इल्पोने त्या ओळीवर बोट ठेवलं. अर्ज उघडला. खाली लिहिलं होतं, ‘शिफारसपत्र: प्राप्त नाही. शिफारस करणारा: इल्पो राउसमा.’

“पण सर, मला तर पत्र...” बोलता बोलता त्याने फोन काढला. नको असलेल्या टपालाच्या कप्प्यात, गादीच्या आणि औषधांच्या जाहिरातींच्या मध्ये, सहा जानेवारीपासून ते पत्र पडलं होतं.

“मला वाटलं, तुला माझं काम आवडत नसेल,” सर म्हणाले. “विचारणार कसं? तुला अवघड झालं असतं.”

तीन सेहेचाळीस. दोघांच्या अर्जांचा गट एकच होता. परीक्षकही तेच. इल्पोने फक्त संगणक मिटला असता, तर यंदाच्या इतक्या अर्जांतून एक अर्ज, तोही साठ वर्षांच्या अनुभवाचा, आपोआप बाद झाला असता. कुणाला कळलं नसतं. काइसू खिडकीबाहेर बर्फ बघत होती. इल्पोने सरांच्या खात्यातून बाहेर पडून आपला बँकेचा कोड घातला. घाईत तो दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला असता तर खातं बंद झालं असतं, आणि त्याला क्षणभर तसं व्हावंसं वाटलं. तीन सत्तावन्नला त्याने लिहिलं, ‘मला उभं राहायला या माणसाने शिकवलं. आता हा आडवं पडायला शिकवू शकेल. दुसरं कोणी मला माहीत नाही.’ आणि पाठवून दिलं.

निकाल मेमध्ये लागला. रंगमंचीय कलांसाठी तीन वर्षांची अनुदानं तीनच होती. मार्केताने चष्मा लावून पत्र वाचलं.

“‘प्रतीक्षा यादीत पहिला.’ म्हणजे मिळालं की नाही?”

“वरच्या तिघांपैकी कुणाला घेता आलं नाही तर मिळेल. तीस सप्टेंबरपर्यंत.”

“कोण आहेत वरचे?”

पहिली दोघं तिशीतली होती आणि रोज पोहायची. तिसरं नाव आउलिस केटोला होतं. मार्केताने बोटांवर महिने मोजले. मग तिच्यातली परिचारिका बोलून गेली, “ऑगस्ट,” आणि लगेच ती लाल होऊन भांडी घासायला लागली.

पण अनुदान मिळाल्यापासून सर सुधारू लागले. जूनमध्ये ते उशीला टेकून बसायला लागले. जुलैत डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं; अशी खोली बऱ्या होणाऱ्या माणसाने अडवून ठेवणं बरोबर नाही, असं ते म्हणाले. काइसूचं म्हणणं, हातात काम असलं की माणूस असाच असतो. इल्पो दिवसा हान्नूकडे टायर रचायचा आणि दर गुरुवारी वाटाण्याचं सूप घेऊन सरांकडे जायचा. आपण का जातो हे तो स्वतःला विचारत नसे. तिथे पोहोचला की आधी दारात थांबून आतला कानोसा घ्यायचा, आणि खोकला ऐकू आला की त्याला हायसं वाटायचं. नंतर उरलेला दिवस तो खिन्न असायचा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी सर पलंगावर आडवे पडून कागदावर काहीतरी नोंदत होते. इल्पोने सूप वाढलं आणि चमचा त्यांच्या हाती दिला.

“काइसूने परवा यादी दाखवली मला,” सर म्हणाले. “चौथं नाव तुझं आहे. बोलला नाहीस कधी.”

“बोलण्यासारखं नव्हतं सर.”

“कधीपर्यंत आहे ती?”

“तीस तारखेपर्यंत.”

सरांनी चमचा खाली ठेवला. “मी नाकारलं तर तुला मिळेल, ठाऊक आहे मला. पण नाकारणं मला जमायचं नाही, इल्पो. साठ वर्षं मागितलंय रे.” त्यांनी नोंदींचा कागद उशीखाली सरकवला. “मरणं त्या मानाने सोपं वाटतं. तीसपर्यंत म्हणालास ना? बघतो काय जमतं ते.”

त्यांनी सुपाची वाटी हाताने दूर सारली.

इल्पोने ती पुन्हा जवळ ओढली. चमचा भरला, त्यावर फुंकर घातली आणि सरांच्या ओठांशी धरला.

“तोंड उघडा सर,” तो म्हणाला. “गार होतंय.”