एअरबॅगचा मान

सिद्धेशला गाडीच्या कंपनीचा फोन आला आणि तो रोहिदासच्या देखत आला, इथंच सगळं बिघडलं.

रविवारची सकाळ होती. पुनावळ्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोहिदास आपली छोटी पांढरी गाडी पुसत होता. शेजारी सिद्धेशची मोठी गाडी उभी, वर छताला काच. रोहिदास चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपचा सुपरवायझर. दिवसभर दुसऱ्यांच्या रंगातली खोट काढणारा हा माणूस, पण सिद्धेशच्या गाडीत त्याला एक ओरखडासुद्धा सापडत नव्हता, आणि त्याचा त्याला रोज नव्यानं राग यायचा. सिद्धेश माणच्या एका आयटी कंपनीत. सोसायटीत येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं, तरी वॉचमनपासून आज्यांपर्यंत सगळे ‘सिद्धेशभाऊ, सिद्धेशभाऊ’ करायचे. रोहिदास पहिल्यापासून इथला, पण वॉचमन त्याला अजून ‘ओ तीनशे दोन’ म्हणायचा.

“हो मॅडम, एअरबॅगचंच ना? येईल, गाडी येईल तुमच्याकडे. मी बघतो,” म्हणत सिद्धेशनं फोन ठेवला.

“कोण हो?” रोहिदासनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“गाडीची कंपनी. एअरबॅगमध्ये दोष निघालाय, म्हणून त्या सालातल्या गाड्या परत बोलावतायत. फुकट बदलून देतात. रोहिदासभाऊ, तुमचीपण बघून घ्या की. कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकला की लगेच कळतं.”

“माझी गाडी नवीन आहे.”

“हो हो, नवीनच आहे,” सिद्धेश घाईघाईनं म्हणाला. “तरी बघा.”

आता खरं सांगायचं तर गाडी नवीन नव्हती. रोहिदासच्या साडूनं शोरूममधून कोरी गाडी काढली, तेव्हा रोहिदासच्या अंगाचा असा काही तिळपापड झाला, की तो तडक चिंचवडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गेला. एजंटानं पुढं केले त्या कागदांवर न वाचता सह्या ठोकल्या, गाडी घासूनपुसून घेतली, सीटवर प्लॅस्टिक चढवलं, बोनेटवर झेंडूचा हार घातला आणि घरी येऊन पेढे वाटले. “नंबर जुना वाटतोय,” असं बायको, रुपाली, म्हणाली, तर “लकी आहे, मुद्दाम मागून घेतला,” म्हणून मोकळा झाला.

संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरचा विषय संपला आणि सिद्धेश पुन्हा उभा राहिला. “एक मिनिट. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ऐका. हा एअरबॅगचा प्रकार साधा नाही. धडक बसली तर फुगा वेडावाकडा फुटतो आणि आतले धातूचे तुकडे अंगावर येतात. आणि कंपनीकडे ज्याचा नंबर असेल त्यालाच फोन जातो. मधे गाडीचा मालक बदलला असेल तर बिचाऱ्याला पत्ताच लागत नाही.”

बोलताना तो सारखा रोहिदासकडे बघत होता. बघा, स्वतःला फोन आला तर केवढं मिरवतोय, मलाच खिजवतोय मेला, असं रोहिदासच्या मनात आलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “मलापण आला फोन! परवाच आला. डायरेक्ट मॅनेजरचा.”

“मॅनेजरचा?” पाच-सहा माना वळल्या. सिद्धेशचं तोंड उघडंच राहिलं. रोहिदासला त्या क्षणी जे सुख झालं ते पगारवाढीतही झालं नव्हतं.

सुख घराच्या दारापर्यंतच टिकलं. “परवा फोन आला?” रुपालीनं कमरेला पदर खोचला. “धातूचे तुकडे अंगावर येतात, आणि तुम्ही काल मला पुढं बसवून डांगे चौकात भाजी आणायला नेलं?”

तेव्हापासून रुपाली मागच्या सीटवर बसायला लागली. रोहिदास पुढं एकटा, म्हणजे थेट साहेबीणबाईंचा ड्रायव्हर. सोमवारी कंपनीत जाताना कारखान्यातला बुद्धरत्न आणि आणखी दोघं सोबती रोजच्यासारखे गाडीत आले, तर तिघंही मागं दाटीवाटीनं बसले. मीटिंगची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. बुद्धरत्ननं तर हेल्मेट घातलेलं.

“अरे, कारमध्ये हेल्मेट?”

“राव, मॅनेजरनं स्वतः फोन केलाय म्हणजे मॅटर सीरियसच असणार की. पोरंबाळं आहेत मला.”

जेवणाच्या सुट्टीत रोहिदासनं गुपचूप मोबाइलवर चासी नंबर टाकला. गाडी यादीत होती! रुपालीला आपण इतके दिवस त्या फुग्यासमोर बसवत होतो, या विचारानं त्यानं डबा तसाच बंद केला. पण खोटं बोलणार नाही, त्या काळजीच्या जोडीला त्याच्या पोटात दुसरंही काही दुखत होतंच. दोष आपल्या गाडीतही आहे, मग मान एकट्या सिद्धेशला का? आपण काय दगड विकत घेतलाय?

रजा टाकून त्यानं गाडी वर्कशॉपला काढली. “मीपण येणार,” रुपाली म्हणाली. “मॅनेजरला बघायचंय मला.” तिला टाळण्याचे सगळे प्रयत्न वाया गेले.

काउंटरवरच्या अंजली नावाच्या मुलीनं नंबर टाकला. “हो सर, तुमची गाडी आहे रिकॉलमध्ये. आज ठेवून जा, संध्याकाळी मिळेल. एक रुपया लागणार नाही.”

इथं गप्प बसला असता तर तो रोहिदास कसला! “फुकट करताय ते ठीक आहे, पण आम्हाला फोन का नाही? लोकांना बरे घरी फोन जातात!”

“म्हणजे मॅनेजरचा फोन आलाच नव्हता?” मागून रुपालीनं विचारलं.

“सर, आम्ही रजिस्टर्ड नंबरवर कितीदा तरी फोन केलेत,” अंजली म्हणाली. “आत्तासुद्धा ओटीपी तिकडंच गेलाय. आला का?”

रोहिदासनं मोबाइल उलटासुलटा केला. नव्हता आला.

“थांबा, मीच लावते त्या नंबरला.” तिनं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून आवाज आला, आणि तो रोहिदासनं झोपेतही ओळखला असता.

“बोला मॅडम! आले का ते गाडी घेऊन? चला, सुटलो बाबा! किती दिवस सुचवतोय त्यांना, पार मीटिंगमध्येसुद्धा बोललो. सरळ कसं सांगणार, मॅडम? आम्ही विकलेली गाडी त्यांनी घरी नवीन म्हणून सांगितलीय. वहिनींसमोर माणसाची इज्जत जायला नको. तेवढं सांभाळून घ्या तुम्ही. घ्या ओटीपी…”

वहिनी काउंटरला टेकून सगळं ऐकत होत्या. अंजलीनं मान खाली घालून आकडे लिहून घेतले. रोहिदासला वाटलं, एअरबॅग फुटायची तर आत्ताच फुटू दे.

रिक्षात रुपाली भांडली नाही. ती एवढंच म्हणाली, “जुनी आहे म्हणाला असतात तरी मी बसले असते. पण सिद्धेशभाऊ किती मोठ्या मनाचे!” तो जुन्या गाडीबद्दल शिव्या खायला तयार होता. पण चांगुलपणातसुद्धा तो सिद्धेश पुढं जावा, हे मात्र त्याला सहन होईना.

तरी संध्याकाळी आभार मानायला जावंच लागलं. दार सिद्धेशच्या वडिलांनी, अण्णासाहेबांनी उघडलं.

“ये बाबा. बरी हाय का गाडी?” म्हातारा एकदम जवळ आला. “मी रिटायर झालो तवा घेतली व्हती ती. मोशीला ऱ्हात व्हतो, तितनं पयल्यांदा आळंदीला नेली. आन् या गड्यानं छताला भोक पाडलेली गाडी घ्यायची म्हनून मला न इचारता इकली. त्या नव्या गाडीत मी बसत न्हाई.”

सिद्धेश मागं उभा होता. हळूच म्हणाला, “खरंय. वर्ष होत आलं, अण्णा माझ्याशी नीट बोलत नाहीत. रोज गॅलरीत उभे राहून तुमची गाडी बघतात, आणि मग मीपण बघतो. लाज वाटते सांगायला, पण तुम्ही ती पुसायला लागलात की माझा नुसता जळफळाट होतो.”

रोहिदासनं पुन्हा विचारून खात्री करून घेतली. “माझ्यावर? तुमचा?”

“हो ना.”

त्या दिवशी रोहिदास जिना उतरला तो शीळ घालत.

रविवारी त्यानं अण्णांना पुढच्या सीटवर बसवलं, स्वतः पट्टा लावून दिला आणि आळंदीचा रस्ता धरायला गाडी काढली. रुपाली मागं आपणहून बसली होती. वॉचमननं गेट उघडलं. अण्णा डॅशबोर्डवरून हात फिरवत हसत होते. रोहिदासनं मुद्दाम आरशात पाहिलं. सिद्धेश आपल्या मोठ्या गाडीशेजारी उभा होता, हात लोंबकळत, डोळे या गाडीवर. रोहिदासला वाटलं होतं, आपल्याला फार मजा येईल. पण तो चेहरा त्याच्या चांगलाच ओळखीचा निघाला. वर्षभर रोज दाढी करताना समोर हेच थोबाड असायचं.

त्यानं गाडी मागं घेतली आणि काच खाली केली.

“या, बसा मागं. अण्णा बोलले नाहीत तर मी बोलेन तुमच्याशी.”