ताईचा फोन आणि गच्चीवरचा टॉवर

सोसायटीचे सचिव आपल्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभे होते. एका हाताने त्यांनी माळ्याची कड धरली होती, दुसऱ्या हातातला मोबाइल एक्झॉस्ट पंख्याच्या भोकाशी नेला होता, आणि कान तिथवर पोचावा म्हणून मान अशी काही वाकडी केली होती की खाली भाजी चिरणाऱ्या बायकोला त्यांची फक्त हनुवटी दिसत होती. अख्ख्या घरात रेंज मिळण्याची ती एकच जागा होती.

"ताई, बोल! मोठ्यानं बोल!"

थोरल्या बहिणीचा फोन तब्बल दीड वर्षाने आला होता. त्या गडबडीत सचिव स्टुलाचा एक पाय आखूड आहे हेही विसरले होते.

"...बॅग..." ताईचा आवाज आला. "...भरली... तू... दारात येऊ नकोस... मनात..."

"काय? ताई, आवाज तुटतोय!"

मग एकच शब्द आला, आणि तो मात्र शेजारी उभं राहून म्हणावा इतका स्वच्छ आला.

"कळलं."

फोन बंद झाला.

हा शब्द सचिवांच्या इतका जिव्हारी लागला त्याला कारण होतं. दीड वर्षापूर्वी त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर होता आणि रेंज लिफ्टमध्येसुद्धा मिळत असे. ताई रोज दुपारी जेवण झालं की फोन करायची. तिचा गुडघा, परदेशातल्या मुलाचं बिघडलेलं वॉशिंग मशीन, पुन्हा गुडघा, असा तो फोन चालायचा. सचिव थोडा वेळ 'हं, हं' करायचे आणि मग म्हणायचे, "ताई, आवाज तुटतोय गं." आणि फोन ठेवायचे. एका दुपारी ते असंच म्हणाले, बटण दाबलं असं समजून मोबाइल टेबलावर ठेवला आणि बायकोला म्हणाले, "सुटलो एकदाचा!"

बटण दाबलं गेलं नव्हतं.

"सुटलास ना?" टेबलावरून ताईचा आवाज आला. "बरं झालं. आता माझ्या दारातही येऊ नकोस."

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. माफी मागायला फोन करावा असं सचिवांना रोज वाटे, पण रोज उद्यावर जाई. त्याच सुमाराला त्यांचं डोकं दुखायला लागलं आणि त्यांनी त्याचा ठपका टॉवरवर ठेवला. 'आपल्या डोक्यावरचे संकट' असं पत्रक काढून ते घरोघर फिरले, सह्या घेतल्या, कंपनीला जेरीस आणलं आणि शेवटी टॉवर उतरवून घेतला. क्रेनने तो खाली आला तेव्हा त्यांनी छोटंसं भाषणही केलं. डोकं मात्र दुखतच राहिलं. पुढे चष्म्याचा नंबर बदलल्यावर ते थांबलं, पण ही गोष्ट सचिवांनी घराबाहेर जाऊ दिली नाही.

टॉवर गेल्यावर रेंजही गेली. लोक बोलायला खाली बसस्टॉपवर जाऊ लागले. कुणी तक्रार केलीच तर सचिव समजावत, "अहो, हल्ली सगळीकडेच असं झालंय. फोन किती वाढले! समोर ती काचेची इमारत उभी राहिली! नेटवर्कच खराब होत चाललंय." यातलं बरंचसं खरं होतं. एक गोष्ट तेवढी ते गाळत.

आता स्टुलावरून उतरून ते बायकोला म्हणाले, "ताईला काहीतरी भरायला तिची बॅग हवीय. ती मोठी, आपण प्रवासाला तिच्याकडून आणली होती ती. आणि मी दारात यायचं नाही म्हणाली."

"असं म्हणाल्या?"

"माझ्या कानांनी ऐकलं."

"तुम्ही जे ऐकलंत ते काड्यापेटीतल्या चार काड्यांएवढं होतं," बायको म्हणाली. "तुम्ही स्वतःच जा बॅग घेऊन. दार उघडलं तर आत जा, नाही उघडलं तर परत या."

हे सरळ होतं, म्हणूनच सचिवांना जमण्यासारखं नव्हतं. ताईचं मन मोडायचं नाही, तिने सांगितलंय तेच करायचं, असं म्हणून त्यांनी बॅग पुसली आणि कुरिअरने पाठवून दिली. सोबत चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. काय लिहावं ते सुचलं नाही.

मग ते रोज बसस्टॉपवर जाऊन ताईला फोन लावू लागले. ती उचलत नव्हती. "कामात असेल," ते बायकोला म्हणत. "नंतर उलट फोन करत असेल आणि तो आपल्या घरात शिरत नसेल." हा विचार त्यांच्या डोक्यात इतका पक्का बसला की त्यांनी कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला आणि रेंज सुधारा म्हणून विनवलं.

"साहेब, तुमचा टॉवर तुम्हीच काढायला लावलात," इंजिनिअर म्हणाला. "आता मी रेंज काय पिशवीत घालून आणून देऊ? सगळ्यांची संमती पाठवा, पुन्हा बसवू."

सचिवांनी सभा बोलावली. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या. टॉवर परत आणण्याचा विषय निघताच तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांच्या हातात ते जुनं पत्रक होतं.

"'ज्याला आपल्या मुलाबाळांची काळजी आहे, तो हा राक्षस डोक्यावर ठेवणार नाही,'" त्यांनी वाचलं. "सचिव, हे वाक्य कुणाचं?"

"माझंच."

"मी तर सही करायलाही तयार नव्हते. तुम्ही माझ्या दवाखान्यात येऊन बसलात. पेशंट तोंड उघडं टाकून ऐकत होता."

"ते जरा... घाईत लिहिलं होतं," सचिव म्हणाले.

"पण तुमचं डोकं दुखत होतं ना?" मागून कुणीतरी विचारलं.

सचिवांनी घसा खाकरला. "दुखत होतं. पण ते चष्म्यामुळे."

मग तोच मागचा आवाज म्हणाला, "आणि आज जे सांगताय ते नव्या चष्म्यातनं का?"

लोक हसले. सचिवही हसायला गेले, पण जमलं नाही. त्यांनी स्वतःच महिनोन् महिने पटवून दिलेली भीती आता त्यांना एका सभेत काढून घेता येईना. ठरावाच्या बाजूने एकच हात वर आला. तो त्यांच्या बायकोचा होता.

घरी आल्यावर ती म्हणाली, "टॉवरला नाही म्हणाले ना सगळे? बसला कुणी नाही म्हटलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सचिव बसमध्ये बसले. वाटेत त्यांनी माफीची वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. ताईच्या गावात उतरून जवळजवळ धावतच ते तिच्या घरी पोचले. दाराला कुलूप होतं.

शेजारीण बाहेर आली. "तुम्ही त्यांचे भाऊ ना? आत्ता येताय? त्या कालच गेल्या मुलाकडे. आता तिकडेच राहणार म्हणाल्या. गुडघ्याचं ऑपरेशनही तिथंच."

सचिव पायरीवर बसले. "मला ती येऊ नकोस म्हणाली होती."

"छे हो! मी इथेच उभी होते, फोन स्पीकरवर होता. 'बॅग भरली आहे. तू आता दारात येऊ नकोस म्हटलं होतं ते मनात ठेवू नकोस, जायच्या आधी एकदा येऊन जा.' दोनदा म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, आवाज तुटतोय."

"खरंच तुटत होता हो!"

"त्यांना काय माहीत? आणि मग ती बॅग आली, रिकामी. त्या दिवशी जेवल्या नाहीत. नंतर मात्र त्याच बॅगेत सगळे लोकरीचे कपडे भरले. मोठी होती ना." शेजारणीने आत जाऊन एक किल्ली आणली. "ही तुमच्यासाठी ठेवलीय. 'आला तर दे,' म्हणाल्या. कुंड्यांना पाणी घालायचंय."

सचिवांनी कुलूप उघडलं. खुर्च्यांवर चादरी घातल्या होत्या. मागच्या गॅलरीत कुंड्या होत्या. त्यांनी पाणी घातलं, इतकं की खालच्या मजल्यावरून ओरडा झाला. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला. रेंज पूर्ण होती. ताईला त्यांनी तिथूनच निरोप धाडला, आयुष्यातला सर्वांत लांब, आणि त्यात चष्म्यापासून कुरिअरपर्यंत सगळं लिहिलं.

ताईचं उत्तर दोन दिवसांनी आलं. "मूर्ख आहेस. रविवारी झाडं बघून फोन कर."

बहीण तासाभराच्या वाटेवर होती तेव्हा ज्यांना तिच्याकडे जायला कधी जमलं नाही, ते सचिव आता दर रविवारी पहिली बस पकडून तिच्या रिकाम्या घरी जाऊ लागले. पाणी घालायचं, एका खुर्चीवरची चादर काढायची आणि फोन लावायचा. ताई गुडघ्याबद्दल बोले, वॉशिंग मशीनबद्दल बोले, आणि सचिव ऐकत. त्या घरात एकही शब्द गळत नसे.

ऑपरेशन झाल्यानंतरच्या रविवारी ताई म्हणाली, "आज फोन जरा फिरव. घर बघू दे मला."

सचिवांनी व्हिडिओ सुरू करून स्वयंपाकघर दाखवलं, कपाट दाखवलं, खिडकी दाखवली. गॅलरीत येऊन कुंड्या दाखवल्या.

"जास्वंदीला कळी आलीय रे!"

"आलीय."

"छान ठेवलंयस. बरं, आता तुझं तोंड दाखव बघू."

सचिवांनी मोबाइल जास्वंदीकडेच धरून ठेवला आणि मोकळ्या हाताने चष्मा काढून डोळे पुसले.

"अरे, ऐकू येतंय का?"

"येतंय, ताई," ते म्हणाले. "तू बोल."